टाकाऊतून खेळ केला खरा, पण खेळतंय कोण?

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की पावसात घरात अडकलेल्या पोरांसाठी दुकानात पळायच्या आधी एकदा भंगारवाल्यासाठी ठेवलेली पिशवी उपडी करून बघा, त्यात निम्मी बालवाडी निघेल. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की या वेळी जेवणाचे, झोपेचे, मोबाईलचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि फक्त हाच विषय घेतलाय. सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मुलगा पावणेतीन वर्षांचा. ऑनलाईन महागाचा अॅक्टिव्हिटी सेट मागवला तर हा पठ्ठ्या ज्या खोक्यातून सेट आला त्या खोक्यात बसून रिक्षा रिक्षा खेळतोय आणि सेट तसाच पडलाय. आता विकत काही आणायचं नाही असं ठरवलंय. घरातल्या वस्तूंतून पहिला खेळ कोणता करू? मला चित्रकला अजिबात येत नाही. (एक आई, ठाणे)

उत्तर : चित्रकला येत नाही हे बरंच झालं, सांगते का ते. पहिला खेळ म्हणजे घालायचा डबा. आईस्क्रीमचा किंवा तुपाचा मऊ झाकणाचा मोठा डबा घ्या. जॅम, लोणचं, कॉफी अशा बरण्यांची मोठी झाकणं गोळा करा, सात-आठ झाली तरी पुरे. आता त्यातलं एक झाकण डब्याच्या झाकणावर उभं धरायचं, पेनाने खूण करायची आणि तेवढी आडवी फट कापायची, झाकण जेमतेम जाईल एवढीच. कटरने कापल्यावर कडा बोटाने चाचपून बघा, टोचत असेल तर पॉलिशपेपर फिरवा. झालं. मुलाने झाकण उचलायचं, उभं करायचं, फटीसमोर आणायचं, दाबायचं, आत पडल्याचा आवाज ऐकायचा आणि सगळी संपली की डबा उघडून पुन्हा पहिल्यापासून. तुम्हाला बघून कंटाळा येईल, त्याला येणार नाही.

फट जेमतेम का, तर सैल ठेवली तर झाकण कसंही टाकलं तरी पडतं आणि हाताला कामच राहत नाही. घट्ट ठेवली की मनगट वळवावं लागतं, दुसऱ्या हाताने डबा धरावा लागतो. चार-पाच दिवसांनी त्याला हे सहज जमायला लागलं की त्याच डब्याच्या झाकणावर दुसरी फट तिरकी कापा. मग गोल भोक पाडा आणि त्यात घालायला कपड्यांचे चिमटे द्या. भोकातून चिमटा जातो, झाकण जात नाही, हे त्याचं त्यालाच कळू दे, तुम्ही "अरे तिथे नाही, इकडे" असं करू नका, कारण चूक झाली हे सांगायचं काम डबाच करतोय.

आता चित्रकलेचं. लोक काय करतात, डब्याला रंगीत कागद, त्यावर डोळे, तोंड, टिकल्या, लेस, आणि मग मूल फट सोडून टिकल्या उपटत बसतं आणि आई म्हणते याचं लक्षच लागत नाही. लक्ष बरोबर लागलंय, टिकल्यांवर! बालशिक्षणाची स्वतःची पद्धत उभी करणाऱ्या इटलीच्या मारिया माँटेसरींनी साहित्य करताना हेच पथ्य पाळलं होतं, एका साहित्यात एकच अडचण. त्यांच्या ठोकळ्यांच्या मनोऱ्यातले सगळे ठोकळे एकाच रंगाचे असतात, का तर मुलाने फक्त लहानमोठं बघावं. तेव्हा डबा पांढरा तर पांढरा राहू द्या.

एक गोष्ट मात्र सक्त. पाण्याच्या बाटलीची बुचं या खेळाला वापरू नका. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक नळकांडं असतं, व्यास ३.१७ सेंटीमीटर, त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते असं धरतात. पाण्याच्या बाटलीचं बूच साधारण तीन सेंटीमीटरचं, म्हणजे आरामात मावतं. घरात टॉयलेट पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी असेल तर ती वापरा, ती थोडी मोठी असते त्यामुळे चाचणी आणखी कडक होते. त्यातून खाली पडणारी वस्तू तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत द्यायची नाही. १ जानेवारी २०२१ पासून दुकानातल्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झालाय, आपल्या घरच्या डब्याची तपासणी आपल्यालाच करायची आहे.

प्रश्न : आम्ही चिंचोके, सागरगोटे, काचापाणी खेळून मोठे झालो, कुणाला काही झालं नाही. आता दीड वर्षाच्या नातवाला मी चार चिंचोके वाटीत टाकून दिले तर सूनबाईंनी सगळं उचलून कपाटावर ठेवलं. कागदाच्या लगद्याची टोपली करून देते म्हटलं तर त्यालाही नाही. एवढं जपून चालतं का? (एक आजी, सांगली)

उत्तर : आजी, राग मानू नका पण चिंचोक्यांच्या बाबतीत सूनबाई शंभर टक्के बरोबर. दीड वर्षाचं मूल जग तोंडानेच बघतं. त्याला दाढा नीट आलेल्या नसतात, त्यामुळे शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका असलं काही श्वासनलिकेत जायची भीती सगळ्यात जास्त याच वयात. आणि बी नाकात किंवा कानात गेली तर ओलाव्याने फुगते, मग काढणं अवघड होतं, म्हणून तसं झालं तर घरी पाणी घालून किंवा पिन घालून काढायच्या फंदात न पडता सरळ डॉक्टरकडे न्यायचं.

चिंचोके फेकू नका मात्र, बरणीत भरून ठेवा. चार वर्षांचा झाला की तुमच्यासमोर बसून एकी-बेकी खेळू दे. मुठीत किती आहेत याचा अंदाज, मग दोन-दोनच्या जोड्या लावून बघायचं एक उरतो का, यात सम-विषम सगळं आलं आणि "सम", "विषम" हे शब्द शाळेत भेटतील तेव्हा भेटतील. पाच-साडेपाचला काचापाणी, पण बांगड्यांच्या काचा नकोत, चिंचोकेच पसरायचे आणि दुसऱ्याला धक्का न लावता बोटाने एक-एक ओढायचा. लिहायच्या आधी बोटांना जी सवय लागते ना ती चार वह्या गिरवून लागत नाही ती यात लागते.

लगद्याची टोपली ही माझी आवडती गोष्ट, मेथी भिजवून वाटून त्यात घालायची, घट्टही होते आणि कीडही लागत नाही. पण वर्तमानपत्राच्या शाईचं काय? वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधू नका असं एफएसएसएआयनेही, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही सांगितलंय ते याच शाईमुळे. तेव्हा जे मूल अजून चावतंय, चघळतंय त्याला लगद्याची वस्तू नको. मोठ्या भावंडांना चालेल. आणि खळ घरी शिजवत असाल तर मैदा आणि पाणी एवढंच. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकायची बाइंडिंगवाल्यांची जुनी पद्धत तुम्हाला माहीत असेल, ती मुलांच्या सामानात चुकूनही करू नका, मोरचूद विषारी आहे.

याच निमित्ताने सगळ्यांसाठीच, भंगाराच्या पिशवीतून काय उचलायचं नाही ते सांगून टाकते. फिनेल, अॅसिड, कीटकनाशक, खताचे डबे कितीही धुतले तरी नाही. खायच्या चुन्याच्या डब्या आणि पुड्या नाहीत, आत चिकटून राहिलेला चुना डोळ्यात उडाला तर डोळा जायची वेळ येते. थर्माकोल नाही, त्याचे दाणे तोंडात जातात. जुने रिमोट, वाजणारी वाढदिवसाची कार्डं, बंद पडलेली घड्याळं यात बटणासारखा चपटा सेल असतो, तो गिळला तर अन्ननलिका भाजते आणि त्याला दोन तासही पुरतात, त्यामुळे शंका आली तरी थांबायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. तसंच छोटे जोरदार लोहचुंबक, दोन गिळले गेले तर पोटात आतड्यांच्या आरपार एकमेकांना चिकटतात. एवढं सोडलं तर बाकी पिशवी तुमचीच.

प्रश्न : ताई, मी अंगणवाडी सेविका आहे. पंचवीसेक मुलं येतात, तीन ते सहा वयाची. साहित्य बनवा म्हणतात, प्रदर्शन असतं तेव्हा आम्ही रात्री जागून कार्डशीटचे तक्ते, फुलं, पक्षी करतो. नंतर ते भिंतीवर उंच लावतो कारण मुलं फाडतात. बजेट तर नाहीच. मुलांच्या हातात देता येईल असं काय करावं? (एक ताई, पालघर जिल्हा)

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण "मुलं फाडतात" यातच सगळं आलं. जे साहित्य भिंतीवर उंच लावावं लागतं ते साहेबांसाठी झालं, मुलांसाठी नाही. आणि बजेट नाही ही अडचण तुमच्याच जिल्ह्यात फार पूर्वी सोडवलेली आहे. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या, माँटेसरीचं साहित्य त्यांनी जवळून वापरलेलं, आणि ते गरीब गावाला परवडणार नाही हेही त्यांना कळलेलं. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या, पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे परदेशी लाकडी पेट्यांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पानं, काड्या, माती असलं परिसरातलंच सामान आलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच मुलांच्या पाड्यावर न्यायची, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवायची हेही तिथलंच. तेव्हा कुणी म्हणालं की तुमचं साहित्य साधं आहे तर खुशाल कोसबाडचं नाव सांगा.

आता कामाचं. पंचवीस मुलांना एकच सुंदर वस्तू देऊन उपयोग नाही, एकाच प्रकारच्या बऱ्याच वस्तू पाहिजेत आणि फाटल्या, हरवल्या तरी जीव जळायला नको. मी तीन सुचवते.

आवाजाच्या डब्या. दवाखान्यातून पांढऱ्या, आतलं न दिसणाऱ्या प्लास्टिकच्या सारख्या बाटल्या मागून आणा, गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. दोन बाटल्यांत तांदूळ, दोनात वाळू, दोनात बारीक खडी, दोनात मोठे चिंचोके, दोन रिकाम्या. झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टीचे तीन-चार वेढे, म्हणजे उघडणार नाही. मुलांनी कानाजवळ हलवून जोडीदार शोधायचा. एका मुलाला एक बाटली देऊन "तुझा जोडीदार वर्गात कुठंय शोध" म्हटलं की दहा मुलं एकदम कामाला लागतात, आणि गंमत म्हणजे वर्ग आपोआप शांत होतो, कारण बोललं तर ऐकू येत नाही. बुडावर सारखं चिन्ह काढून ठेवा, जोडी बरोबर का ते उलटी करून त्यांनाच बघू दे. रिकाम्या बाटलीची जोडी कोण लावतंय तेवढं बघा, मुलं तिच्यावर फार वेळ घुटमळतात.

दुसरं, पॉलिशपेपरची अक्षरं. सुताराकडे वापरलेले तुकडे फुकट मिळतात. अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचं, मुलाने दोन बोटांनी गिरवायचं, डोळे मिटून ओळखायचं. फार झिजलेला तुकडा नको आणि फार खरखरीतही नको, बोट सोललं नाही पाहिजे. मोठ्या गटापुरतंच.

तिसरं थोडं वेगळं, पाच वर्षांच्या पुढच्यांसाठी. सायकल दुकानातली वालट्यूब, ती बारीक रबराची नळी, थोडीशी विकत घ्या, हाच काय तो खर्च. हे अरविंद गुप्तांचं. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात असताना त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि वालट्यूब यातून आकार जोडायचे खेळ केले, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात कचऱ्यातून खेळण्यांचा त्यांनी केवढा पसारा उभा केला ते बऱ्याच जणांना माहीत असेल, २०१८ मध्ये पद्मश्रीही मिळाली. दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे कापायचे, दोन्ही टोकांतून एक-एक काडी घालायची की सांधा तयार. काडेपेटीच्या काड्यांचा गुल आधी खरवडून टाका, किंवा नळीत बसतील असे खराट्याचे हीर सारख्या लांबीचे कापून घ्या. तीन काड्यांचा त्रिकोण करू दे, चारचा चौकोन करू दे, आणि मग म्हणा, दाबून बघ. चौकोन लगेच कलतो, चपटा होतो. त्रिकोण हलत नाही. पोरं आधी म्हणतात माझा चौकोन बिघडला, मग शेजाऱ्याचाही कलतो हे बघतात, मग कुणीतरी मधे तिरकी काडी लावायला जातं. ते होईपर्यंत तोंडावर बोट ठेवून बसा. गावात पत्र्याच्या शेडच्या वर जे लोखंडी त्रिकोण असतात ते दाखवायला नंतर घेऊन जा.

प्रदर्शनासाठी काय करायचं विचाराल तर हेच टेबलावर मांडा आणि सोबत दोन मुलं बसवा. साहेब मुलांकडेच बघतील.

प्रश्न : शाळेतून "बेस्ट आउट ऑफ वेस्ट" प्रोजेक्ट येतो, तोही रात्री आठला ग्रुपवर, उद्या आणा म्हणून. मुलगी सीनियर केजीत. मग मी स्टेशनरीत जाऊन ग्लिटर शीट, थर्माकोल, ग्लू गन आणते आणि अकरापर्यंत पेन स्टँड बनवते. हे बरोबर आहे का? (एक आई, नाशिक)

उत्तर : कचऱ्यातून वस्तू करायला नवा कचरा विकत आणायचा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे हेही शाळेला आठवण करून द्यायला हरकत नाही, गोड शब्दात. पुढच्या वेळी मुलीसमोर रिकामे डबे ठेवा, खळ किंवा फेविकॉल ठेवा आणि ती जे वेडंवाकडं करेल ते तसंच्या तसं पाठवा. पालक सभेत चार आया मिळून बोललात तर शिक्षिकाही बहुतेक सुटकेचा नि:श्वास टाकतील, त्यांनाही वरून आलेलं असतं.

प्रश्न : मुलगी सेमी इंग्लिशला दुसरीत. इंग्रजीत हंड्रेडपर्यंत धडाधड म्हणते, मराठीत एकोणसाठ म्हटलं की एकोणसत्तर लिहिते, त्रेसष्ट आणि छत्तीस यात गोंधळ. पाढे-अंक घोकून घ्यावेत की खेळातून जमेल? आणि लहान भाऊ साडेचार वर्षांचा, त्यालाही सोबत घ्यायचंय. (एक बाबा, नागपूर)

उत्तर : आधी धाकट्याचं, कारण तिचाही पाया तिथेच आहे. अंड्यांचा कागदी ट्रे घ्या, तीस खळग्यांचा. डाग पडलेला घेऊ नका, कागदाचा ट्रे धुता येत नाही, कोरडा स्वच्छ असेल तोच. त्याचे तीन भाग करा, प्रत्येकात दोन ओळी, पाच-पाच खळगे, म्हणजे दहा. आता बाटलीची बुचं काढा (याला चालतील, तो मोठा आहे) आणि सापशिडीतला फासा. फासा टाकायचा, तेवढी बुचं ट्रेमध्ये, ज्याचा ट्रे आधी भरेल तो जिंकला. भरलेल्यापेक्षा रिकाम्या खळग्यांकडे लक्ष वेधा. सात भरले, किती राहिले? मोजायची गरज पडत नाही, तीन दिसतातच. दहाच्या या जोड्या, सात-तीन, सहा-चार, आठ-दोन, डोळ्यात बसल्या की पुढे हातच्याची बेरीज रडवत नाही. शेवटी नेमके तेवढेच पाहिजेत असा नियम केला तर खेळ लांबतो आणि भांडणंही होतात, ती होऊ देत.

आता मोठीचं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला "वीस एक", त्रेसष्टला "साठ तीन" असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना, टीव्हीवर चर्चा, विधानसभेत टोले. मला विचाराल तर दोन्ही बाजू एकमेकांचं न ऐकता भांडत होत्या. मुलाच्या हाताला साठ आणि तीन आधी कळले पाहिजेत आणि कानाला त्रेसष्टही आलं पाहिजे, यात भांडण कुठंय. कुल्फीच्या काड्या धुऊन वाळवा, नसतील तर खराट्याचे हीर. दहा-दहाचे गठ्ठे करून रबरबँड लावा, काही काड्या सुट्ट्या. तुम्ही म्हणायचं त्रेसष्ट, तिने सहा गठ्ठे आणि तीन सुट्ट्या उचलायच्या, तोंडाने आधी "साठ आणि तीन" म्हणायचं, मग "त्रेसष्ट". छत्तीसला तीन गठ्ठे, सहा सुट्ट्या. दोन ढीग शेजारी ठेवले की कुठला मोठा हे सांगावं लागत नाही.

एकोणवाल्यांसाठी वेगळा डाव. तिच्यासमोर सात गठ्ठे ठेवा, सत्तर. आता एक काडी चोरायची, पण गठ्ठ्यातून चोरायची म्हणजे रबरबँड सोडावा लागणार. सोडला, एक काढली, राहिले सहा गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या. हे एकोणसत्तर, सत्तरला एक कमी. अडचण ही आहे की कानाला सत्तर ऐकू येतं आणि लिहायचे मात्र ६ आणि ९, इंग्रजीत सिक्स्टी-नाईन म्हणताना ही भानगड नसते, म्हणून ती तिकडे धडाधड म्हणते. रबरबँड सोडायची ती कटकट चार-पाचदा हाताने केली की डोक्यात सुटते. मग चोर कोण व्हायचं आळीपाळीने, साठातून चोर, ऐंशीतून चोर.

जुनी मराठी दिनदर्शिका टाकू नका. देवनागरी आकडे ठसठशीत असतात, बारा पानं म्हणजे १ ते २८ पर्यंतचा प्रत्येक आकडा बारा वेळा मिळतो. चौकोन कापून पुठ्ठ्यावर चिकटवा, जोड्या लावायचा पत्त्यांचा खेळ होतो. धाकटा १ आणि ९ मध्ये फसेल, ३ आणि ६ मध्येही, त्यामुळे त्याला आधी हे चार वगळूनच पत्ते द्या आणि एक-एक करून वाढवा.

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सीला असतो. मुलगा सहा वर्षांचा, मराठी समजतं, बोलतो मोडकंतोडकं. आजीने पाठवलेलं बाराखडीचं पुस्तक उघडलं की पळतो. इथे रिसायकलिंगच्या बिनमध्ये पेपर कप आणि प्लास्टिकचे ग्लास ढिगाने असतात, त्यातून काही करता येईल का? (एक आई)

उत्तर : येईल, आणि कपांतून तर फारच छान येईल. एक कागदी कप आणि तो ज्यात अलगद बसेल असा एक पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास घ्या. कागदी कपावर गोलाकार, एकमेकांपासून लांब, पाचच अक्षरं लिहा: म, क, न, ग, त. अ आ इ ई पासून सुरुवात करायची काही गरज नाही, आपल्याकडे पाटीवरसुद्धा ग म भ न आधी यायचे. शक्य असेल तर त्याच्या स्वतःच्या नावातलं एखादं अक्षर घ्या. आता कप ग्लासमध्ये ठेवा आणि ग्लासवर परमनंट मार्करने फक्त एक काना काढा, अक्षराच्या उजव्या बाजूला, शिरोरेषेला जुळेल असा. कप फिरवला की म चा मा, क चा का, न चा ना. एका ग्लासवर एकच खूण, हे महत्त्वाचं, सगळी बाराखडी एका ग्लासवर कोंबली की तेच पुस्तक पुन्हा झालं.

असे दोन जोड करा. दोन्ही शेजारी ठेवले की मामा, काका, नाना. एकाचा ग्लास काढून टाकला की कान, मान, नाग. हे वाचता आलं त्या दिवशी इंडियातल्या मामाला व्हिडिओ कॉल लावा आणि कप कॅमेऱ्यासमोर धरू दे. आठवड्याभराने दुसरा ग्लास, दुसऱ्या वेलांटीचा. काना असलेला जोड आणि वेलांटी असलेला जोड मिळून माती, नाती. पहिली वेलांटी सगळ्यात शेवटी ठेवा, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, इंग्रजी वाचणारं मूल तिथे हमखास अडतं. पण ग्लासवर ती अक्षराच्या डावीकडे येऊन चिकटताना दिसते, आणि "किती" वाचायला दोन्ही वेलांट्या लागतात, त्यामुळे तो शब्द जमला की मोठा विजय समजा. मार्कर चुकला तर हँड सॅनिटायझरने पुसला जातो.

भ आणि म, घ आणि ध, ब आणि व या जोड्या एका कपावर कधीच घेऊ नका. एक पक्कं झाल्यावर दुसरं. आणि तो कपांचा मनोरा करून पाडायला लागला तर पाडू दे, पाडलेला प्रत्येक कप उचलताना त्यावरचं अक्षर म्हणायचं एवढा नियम करून बघा.

प्रश्न : तुमचं ऐकून मी काहीच फेकत नाही. बाल्कनी भरली, नवरा म्हणतो घर आहे की भंगाराचं दुकान. शिवाय केलेल्या खेळाशी मुलगी दोन मिनिटं खेळते आणि सोडून देते. (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : नवऱ्याच्या बाजूने मत. एकच पिशवी ठेवा, भरली की नवीन वस्तू घालायच्या आधी जुनी काढायची. धुऊन वाळवल्याशिवाय पिशवीत काही जाणार नाही, नाहीतर झुरळं येतात आणि मग सगळंच बंद पडतं. सारख्या आकाराच्या वस्तू ठेवा, दहा वेगवेगळे डबे काही कामाचे नाहीत, एकाच मापाचे सहा असले की मनोरा होतो, ओळ होते, लपवाछपवी होते.

दोन मिनिटांचं म्हणाल तर बाहेर किती खेळ पडलेत ते मोजा. दोनच बाहेर ठेवा, बाकी कपाटात, आठवड्याने अदलाबदल. नवीन खेळ देताना समजावून सांगू नका, तिच्याशेजारी बसून स्वतः हळूहळू एकदा करा, काही न बोलता, आणि उठून चहा टाकायला जा. तरीही सोडून दिला तर तो तिच्यासाठी फार सोपा आहे किंवा फार अवघड, फट थोडी घट्ट किंवा थोडी सैल करून महिन्याभराने पुन्हा काढा. आणि पुढचा खेळ करताना कापणं तेवढं तुमच्याकडे ठेवा, पुसणं, चिकटवणं, निवडणं तिच्याकडे द्या. चिकटवताना हात, फरशी, केस सगळं बरबटतं, खाली जुनी चादर अंथरा आणि कामाला अंघोळीच्या आधीची वेळ निवडा.